एका कार्बनची भर: जीवनसत्त्व 'के' आणि गोठणारं रक्त

रक्त गोठण्याच्या चाचण्या करणं हे माझं रोजचं काम. प्रयोगशाळेत मी ज्या टेबलाशी बसते तिथे दिवसभर निळ्या झाकणाच्या ट्यूबा येत राहतात. प्रत्येकीत आधीपासून ०.३ मिली सोडियम सायट्रेट असतं आणि त्यात २.७ मिली रक्त घ्यायचं असतं. हे नऊला एक प्रमाण आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासतो. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि कॅल्शियम मोकळं नसलं की रक्त गोठत नाही. ट्यूब अर्धवट भरली तर सायट्रेट उरतं. ते आम्ही चाचणीसाठी घातलेलं कॅल्शियमही गिळून बसतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट बिघडलेला दिसतो. म्हणून अर्धी भरलेली ट्यूब मी परत पाठवते, मग वॉर्डातून कितीही नाराजीचा फोन येवो.

हल्ली प्रोथ्रॉम्बिन वेळेची, म्हणजे प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात ती, चाचणी मशीनवर होते. पण नवीन शिकायला आलेल्या मुलांना मी पहिल्यांदा ती हाताने करून दाखवते, कारण आकडा छापून येण्याआधी काय घडतं ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं. सेंट्रिफ्यूज केलेल्या ट्यूबमधला फिकट पिवळा प्लाझ्मा १०० मायक्रोलिटर घ्यायचा, ३७ अंशांवर गरम करायचा, त्यात गोठणं सुरू करून देणारं थ्रॉम्बोप्लास्टिन २०० मायक्रोलिटर घालायचं आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं. थ्रॉम्बोप्लास्टिनच्या रिएजंटमध्ये कॅल्शियम असतंच, म्हणजे सायट्रेटने अडवलेलं आपण परत देतो. मग नळी दिव्यासमोर धरून हलकेच कलती करत राहायची. आठ, नऊ, दहा सेकंद काही होत नाही, द्रव नळीत मोकळा सरकत राहतो. बाराव्या सेकंदाच्या आसपास एक बारीक धागा दिसतो, आणि तो दिसला असं म्हणेपर्यंत सगळं जागच्या जागी थिजतं. इतक्या वेळा पाहूनही मला तो क्षण चुकवायचा नसतो.

हीच चाचणी वॉरफरिन, म्हणजे रक्त लवकर गोठू न देणारी गोळी, घेणाऱ्या रुग्णाच्या प्लाझ्मावर केली की बारा सेकंद जातात, वीस जातात, कधी तीस. मुलं विचारतात, "मॅडम, यांच्यात प्रोथ्रॉम्बिन नाहीये का?" प्रोथ्रॉम्बिन आहे. यकृताने या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची साखळी नेहमीसारखीच विणली आहे, त्यातलं बरंचसं रक्तात येऊनही पोचलं आहे. मी नळीत कॅल्शियमही दिलं आहे. त्या प्रथिनाला ते धरता येत नाही, एवढंच. ते का धरता येत नाही, याच्या उत्तरात जीवनसत्त्व 'के'चं आपल्या यकृतातलं सगळं काम येतं.

ग्लुटामिक आम्ल हे साधं, सगळीकडे सापडणारं अमिनो आम्ल. त्याच्या बाजूच्या साखळीच्या टोकाला एक कार्बॉक्सिल गट असतो. कॅल्शियमच्या आयनाला धरून ठेवायला एक गट पुरत नाही. 'के'च्या मदतीने एक एन्झाइम या साखळीतल्या गॅमा कार्बनवर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू जोडतं आणि तिथे दुसरा कार्बॉक्सिल गट तयार होतो. एकाच कार्बनवर शेजारी शेजारी दोन ऋणभारित गट आले की चिमटा तयार होतो, आणि कॅल्शियम त्यात बसतं. या बदललेल्या अमिनो आम्लाला गॅमा-कार्बॉक्सिग्लुटामिक आम्ल म्हणतात. आम्ही थोडक्यात 'ग्ला' म्हणतो. माणसाच्या प्रोथ्रॉम्बिनमध्ये पहिल्या ३२ अमिनो आम्लांत १० ठिकाणी ग्ला असतं. या पट्ट्यात कॅल्शियम बसलं की तो भाग एका ठरावीक घडीत दुमडतो, आणि मगच प्रोथ्रॉम्बिनला जखमेपाशी पेशीच्या पटलावर चिकटता येतं.

हे चिकटणं फार मोलाचं आहे. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक मेद एरवी पेशीपटलाच्या आतल्या बाजूला ठेवलेला असतो. रक्तवाहिनी फाटली आणि प्लेटलेट कामाला लागल्या की तो बाहेरच्या बाजूला येतो. ग्लावाली प्रथिनं कॅल्शियमच्या साहाय्याने नेमकी त्या जागी जमतात. गोठण्याची साखळी त्या तेवढ्याशा पृष्ठभागावर धडाक्यात चालते आणि बाकीचं रक्त वाहतं राहतं. गुठळी जखमेवर व्हावी आणि इतरत्र होऊ नये, या बंदोबस्ताचा मोठा भाग त्या एकेका जादा कार्बनवर उभा आहे. रक्त गोठवणाऱ्या घटकप्रथिनांना क्रमांक दिलेले आहेत, त्यांत ग्लावाली चार: दुसरं म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, सातवं, नववं आणि दहावं. शिवाय गोठणं आवरतं घेणारी प्रोटीन सी आणि प्रोटीन एस हीदेखील 'के'वरच अवलंबून. म्हणजे गती देणारे आणि लगाम खेचणारे, दोघांनाही चिमटा एकाच कारखान्यातून मिळतो.

आता स्वतः 'के'. दोन षटकोनी कड्या एकमेकींना जोडलेल्या, त्यातल्या एकीवर समोरासमोर दोन ऑक्सिजन, एक मिथाइल गट आणि एक लांब शेपूट. कड्यांच्या भागाला नॅफ्थोक्विनोन म्हणतात. के-१ म्हणजे फायलोक्विनोन, त्याची शेपूट २० कार्बनची. हीच फायटिल शेपूट हरितद्रव्यालाही असते. के-२ म्हणजे मेनाक्विनोन, त्यांची शेपूट पाच-पाच कार्बनांच्या तुकड्यांची आणि तुकड्यांच्या संख्येप्रमाणे त्यांना एमके-४, एमके-७ अशी नावं. शेपटीमुळे रेणू मेदात विरघळतो, पाण्यात नाही. काम मात्र कडीवर होतं.

आणि ते काम वरवर वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. ग्लुटामिक आम्लाच्या त्या गॅमा कार्बनवरचा हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. तो काढायला फार तीव्र आम्लारी लागतो, आणि पेशीत असा आम्लारी मोकळा फिरू देणं परवडणारं नाही. मग होतं असं: 'के'चं क्षपण होऊन हायड्रोक्विनोन बनतं, एन्झाइमच्या आत त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते, त्या झटापटीत काही क्षणांपुरता हवा तेवढा तीव्र आम्लारी तयार होतो, तो हायड्रोजन ओढून घेतो, आणि रिकाम्या झालेल्या कार्बनवर कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो. 'के' स्वतः मात्र इपॉक्साइड होऊन बसतं, वापरलेलं, निकामी. दुसरं एन्झाइम, इपॉक्साइड रिडक्टेज, त्याला पुन्हा क्विनोन आणि मग हायड्रोक्विनोन करतं. असा एकच रेणू पुन्हा पुन्हा फिरवला जातो, म्हणून दिवसाला साधारण शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास 'के' मिळालं तरी मोठ्या माणसाचं भागतं. शरीरात याचा साठा फार थोडा. अ किंवा ड जीवनसत्त्वाची बेगमी यकृतात किंवा चरबीत महिनोन्‌महिने टिकते, तसं याचं नाही.

ग्लाचा शोध कसा लागला, ते मुलांना सांगायला मला सगळ्यात आवडतं. 'के' नसलं की रक्तस्राव होतो हे १९३० च्या दशकातच कळलं होतं. पण ते नेमकं काय करतं, हे पुढची चाळीस वर्षं कुणाच्या हाती लागत नव्हतं. गायींना 'के'चा विरोधक असलेलं डायकुमरॉल देऊन त्यांच्या रक्तातलं प्रोथ्रॉम्बिन वेगळं काढलं, तर ते कॅल्शियमला धरत नव्हतं आणि बेरियमच्या क्षारांवरही चिकटत नव्हतं. निरोगी गायीचं प्रोथ्रॉम्बिन दोन्ही करत होतं. मग दोघांतली अमिनो आम्लं मोजली. तर ती सारखीच! कारण मोजण्याची पद्धतच अशी होती की प्रथिन आधी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून फोडायचं. त्या उष्णतेत ग्लामधला जादा कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जायचा आणि उरायचं साधं ग्लुटामिक आम्ल. जे शोधायचं होतं ते शोधण्याच्या पहिल्याच पायरीवर नष्ट होत होतं. १९७४ मध्ये स्वीडनमध्ये योहान स्टेनफ्लो आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे अमेरिकेत गॅरी नेल्सेस्ट्यूएन आणि सहकाऱ्यांनी, प्रथिन एन्झाइमने अलगद तोडून त्या तुकड्यांचा अभ्यास केला आणि ग्ला सापडलं. चाचणीची पद्धतच उत्तर पुसून टाकू शकते, हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डॅम कोंबडीच्या पिल्लांना मेद काढून घेतलेलं खाणं देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होता. पिल्लांच्या कातडीखाली, स्नायूंत रक्त साकळायला लागलं. कोलेस्टेरॉल परत देऊन ते थांबलं नाही, तेव्हा मेदाबरोबर आणखी काहीतरी निघून गेलं आहे हे त्याने ताडलं आणि १९३५ मध्ये त्याला 'के' हे नाव दिलं. एडवर्ड डॉइझीने १९३९ मध्ये ते शुद्ध रूपात मिळवून त्याची रचना सांगितली. १९४३ चं नोबेल या दोघांत विभागून दिलं गेलं. मी वर सांगितलेली प्रोथ्रॉम्बिन वेळेची चाचणी आर्मंड क्विकने प्रसिद्ध केली तीही १९३५ मध्येच. त्याच सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हर चाऱ्याच्या मागे लागला होता. तो चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत. त्यातून डायकुमरॉल हाती आलं, आणि पुढे त्याच कुळातलं वॉरफरिन: १९४८ मध्ये उंदीर मारण्याचं औषध, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्यता. ही औषधं इपॉक्साइड रिडक्टेज अडवतात, म्हणजे वापरलेलं 'के' पुन्हा कामावर येऊ देत नाहीत. चिमटे बनणं मंदावतं.

पण 'के' मुळात आपल्यासाठी बनलेलंच नाही. हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषणाच्या फोटोसिस्टीम-१ मध्ये फायलोक्विनोनचे दोन रेणू बसलेले असतात आणि प्रकाशाने उसळलेला इलेक्ट्रॉन पुढच्या हाती देतात. कितीतरी जिवाणू श्वसनाच्या साखळीत मेनाक्विनोन वापरतात, तेही इलेक्ट्रॉन पोचवायलाच. क्विनोनचा हा जुना गुण, इलेक्ट्रॉन घेणं आणि देणं, आपल्या यकृताने वेगळ्याच कामाला जुंपला. म्हणून पान जितकं गडद हिरवं तितकं त्यात के-१ जास्त, आणि कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानात आतल्या फिकट पानापेक्षा अधिक. हे मला फार सुंदर वाटतं आणि मी ते कुणालाही, विचारलं नसलं तरी, सांगते.

टेबलावरून उठून खिडकीशी आले की रुग्ण भेटतात. कृत्रिम झडप बसवलेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, पायात गुठळी झालेले. त्यांचा प्रश्न ठरलेला: "ताई, पालेभाजी बंदच करू ना?" एका आजोबांनी खरोखरच हिरवं पान ताटातून हद्दपार केलं होतं आणि त्यांचा आयएनआर, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन वेळेवरून काढलेला आकडा, काही जागेवर राहीना. त्याचं कारण सरळ आहे. गोळीचा डोस रुग्णाच्या रोजच्या 'के'शी जुळवलेला असतो. रोजचं 'के' जवळजवळ शून्यावर आणलं की थोडंसं कमी-जास्त झालं तरी तोल जातो. रोज बेताचं आणि साधारण सारखं खाल्लं तर डोस त्याला जमवून घेता येतो. महिनाभर काही नाही आणि मग एका आठवड्यात टोपलीभर, हे मात्र नको. आजोबांना डॉक्टरांनीही हेच सांगितलं, डोस नव्याने बसवला, आणि आता ते खिडकीशी आले की आधी काय जेवले ते सांगतात.

दुसरा प्रश्न असतो, "गोळी कालपासून सुरू केली, आज रिपोर्ट का नाही बदलला?" वॉरफरिन नवे चिमटे बनू देत नाही, आधी बनलेली प्रथिनं रक्तात असतातच, ती संपेपर्यंत थांबावं लागतं. सातवा घटक काही तासांतच अर्धा होतो, त्यामुळे आयएनआर एक-दोन दिवसांत हलायला लागतो. प्रोथ्रॉम्बिनला अर्धं व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आकडा वाढलेला दिसला तरी खरं संरक्षण चार-पाच दिवसांनी मिळतं. त्यात लगाम खेचणारं प्रोटीन सी लवकर कमी होतं, आणि सुरुवातीचे दिवस उलट गुठळीच्याच बाजूने झुकू शकतात. ताजी गुठळी असलेल्याला हेपरिन या गोठणं रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन सोबत चालू ठेवतात ते याचसाठी. कुणाला रोज ३ मिलिग्रॅम वॉरफरिन पुरतं, कुणाला १० लागतं, यातही त्या रिडक्टेजच्या जनुकातल्या फरकाचा मोठा वाटा आहे. ते जनुक २००४ मध्ये सापडलं.

आयएनआर फार वाढला तर के-१ देतात आणि ते वॉरफरिन शरीरात असतानाही काम करतं. वाट तर अडवलेली, मग हे कसं? क्विनोनपासून हायड्रोक्विनोन बनवणारी दुसरी एक वाट पेशीत आहे आणि तिच्यावर वॉरफरिनचा परिणाम होत नाही. तिथलं एन्झाइम, एफएसपी-१, २०२२ मध्ये ओळखलं गेलं. या वाटेने इपॉक्साइड परत वळवता येत नाही, म्हणून एरवी तिचा उपयोग तोकडा. पण बाहेरून भरपूर 'के' दिलं की तेवढ्यावर काम निभतं. उंदीर मारण्याच्या नव्या औषधांतलं ब्रोडिफॅकुम पोटात गेलं असेल तर मात्र महिनोन्‌महिने के-१ द्यावं लागतं, कारण ते यकृतात ठाण मांडून बसतं.

मेदात विरघळणं म्हणजे पित्ताशिवाय शोषण नाही. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झालेल्या रुग्णाची प्रोथ्रॉम्बिन वेळ वाढलेली येते, आणि यकृत खराब झालेल्याचीही वाढलेलीच येते. के-१ शिरेतून देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी केली की फरक कळतो. वेळ बरीच खाली आली, तर यकृत काम करतंय, त्याला 'के' मिळत नव्हतं. खाली आली नाही, तर यकृताला प्रथिनंच बनवता येत नाहीत. इतक्या स्वस्तात इतकं स्पष्ट उत्तर देणाऱ्या चाचण्या थोड्याच. अतिदक्षता विभागातून अँटिबायोटिक चालू असलेल्या, बरेच दिवस नीट न जेवलेल्या रुग्णाची ट्यूब आली की मी आकडा बघण्याआधीच 'के' कमी असल्याचा अंदाज बांधते.

हाडातलं ऑस्टिओकॅल्सिन आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं मॅट्रिक्स ग्ला प्रथिन हीही 'के'वर चालतात. यातल्या दुसऱ्या प्रथिनाचं जनुक काढलेल्या उंदरांच्या रोहिण्यांमध्ये कॅल्शियम साचून ते अकाली मेले, हे १९९७ मध्ये दिसलं. यावरून के-२ च्या गोळ्यांची हाडांसाठी आणि हृदयासाठी जोरदार जाहिरात चालते. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल अजून एका सुरात नाहीत. निरोगी माणसाने त्या विकत घ्याव्यात असं मी म्हणणार नाही, आणि वॉरफरिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

ज्याबद्दल मला काहीच शंका नाही ते म्हणजे नवजात बाळांचं 'के'चं इंजेक्शन. 'के' वारेतून फार कमी पलीकडे जातं, आईच्या दुधात ते थोडंच असतं, आणि बाळाच्या आतड्यात 'के' बनवणारे जिवाणू अजून वसलेले नसतात. त्यामुळे जन्मल्या जन्मल्या बाळाकडे 'के' जवळजवळ नसतंच. रक्तस्राव पहिल्या आठवड्यात होऊ शकतो. आणि दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा जो उशिराचा प्रकार आहे, तो बहुतेक वेळा फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या, इंजेक्शन न मिळालेल्या बाळांत दिसतो आणि पुष्कळदा थेट मेंदूत होतो. दूध आईचंच हवं, त्यात बदल करायचा नाही. जन्मानंतर लगेच मांडीच्या स्नायूत के-१ चं इंजेक्शन द्यायचं, पूर्ण वाढीच्या बाळाला १ मिलिग्रॅम, आणि हा धोका जवळजवळ नाहीसा होतो.

पालक घाबरतात ते दोन जुन्या गोष्टींमुळे. पूर्वी मेनाडायोन नावाचं बिनशेपटीचं, पाण्यात विरघळणारं रूप वापरायचे. त्याच्या मोठ्या डोसने बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ व्हायची. ते केव्हाच बंद झालं, आता दिलं जातं ते के-१. दुसरं, १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने इंजेक्शनचा संबंध बालपणीच्या कर्करोगाशी जोडला होता. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. तेव्हा घरात बाळ आलं असेल, तर दवाखान्यातून निघताना कार्डावर 'व्हिटॅमिन के दिलं' अशी नोंद आहे का ते पाहा. नसेल तर तिथेच विचारा. बाळंतपण दवाखान्याबाहेर झालं असेल, तर त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्या. आणि दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या नाकातून किंवा बेंबीतून रक्त आलं, कारण नसताना अंगावर काळे-निळे डाग उठले, तर थोडंसंच आहे म्हणून घरी थांबू नका.